शीत-प्रकाश ताण, वनस्पतींवरील

हिरव्या वनस्पती, शैवले, नील-हरित सूक्ष्मजंतू इ. प्रकाशसंश्लेषी सजीवांवर कमी तापमान व भरपूर प्रकाश यांचा एकाच वेळी परिणाम झाला असता त्यांच्या प्रकाशसंश्लेषणात (प्रकाशीय ऊर्जेच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे तयार करण्याच्या प्रक्रियेत) जो बिघाड होतो, त्यास शीत-प्रकाश ताण असे म्हणतात. नुसती थंडी किंवा नुसता प्रखर प्रकाश पुष्कळ वनस्पती सहन करतात; दोन्ही एकत्र आल्यास मात्र त्यांपैकी अनेकींना, विशेषतः उष्ण प्रदेशातील मूळच्या वनस्पतींना, अपाय होतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. मराठवाडा व सोलापूर भागांतील मुख्य अन्नधान्य असलेली रबी ज्वारी (शाळू) ही उष्ण कटिबंधातील गवताच्या वर्गातील असूनही ऐन हिवाळ्यात वाढते, फुलते व दाणा भरते. धाराशिव जिल्ह्याच्या (पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, नामांतर २०२३) संदर्भात या ताणाचा व त्याविषयीच्या ज्ञानाचा इतिहास येथे दिला आहे.

स्थान व हवामान : धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसला असून त्याचा बराच भाग समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. त्यानंतर आकाश निरभ्र होते व हवा कोरडी पडते. अशा हवेत जमीन व पिके यांतील उष्णता रात्री प्रारणाने झपाट्याने निघून जाते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट आल्यास काही रात्री तापमान १०° से.च्या खाली उतरते. निरभ्र व वारा नसलेल्या रात्री पानांचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षाही कमी होते; मांजरा, तेरणा, सीना, बोरी या नद्यांच्या खोऱ्यांतील सखल शेतांत थंड हवा साचून राहत असल्याने तेथे थंडी अधिक जाणवते. परंतु ज्या निरभ्र आकाशामुळे रात्र थंड होते त्यामुळेच सकाळचे ऊनही अडथळ्यावाचून पडते. सूर्योदयानंतरचा काही काळ पान थंड व प्रकाश प्रखर अशी स्थिती असते. दुपारी तापमान पुन्हा २८°–३०° से.पर्यंत चढते. थंडी व प्रकाश यांचा असा दैनंदिन संयोग हे या पठारी भागाच्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य होय.

रबी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करतात. मालदांडी प्रकारचे पीक पेरणीनंतर सु. ७०–७५ दिवसांनी फुलोऱ्यात येते व सु. चार महिन्यांत तयार होते. पोटरीत येणे, निसवणे, फुलणे व दाणा भरणे या नाजूक अवस्था यामुळे नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात येतात. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला या जिल्ह्यातील व लगतच्या लातूर भागातील शेतकरी कुटुंबे शेतात कडब्याची कोप उभारून पूजा करतात आणि आंबील व भज्जी यांचे भोजन करतात. वेळेवर पेरलेली ज्वारी त्या सुमारास हुरड्याच्या मार्गावर असते, तर उशिरा पेरलेली नुकतीच निसवत असते. थंडीची लाट याच दिवसांत आल्यास या दोन शेतांचे भवितव्य वेगवेगळे ठरते.

आरंभीचे संशोधन : प्रकाशात वनस्पतींचे हिरवे भाग हवा शुद्ध करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखविले. तापमान व प्रकाश यांच्या संयुक्त परिणामाचा उलगडा होण्यास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली. दरम्यान थंडीने होणाऱ्या इजेचा अभ्यास स्वतंत्रपणे चालू होता. पाणी गोठून ऊतकांत बर्फ तयार झाल्याने वनस्पती मरतात, हे ज्ञात होते. परंतु काही उष्ण प्रदेशीय वनस्पती गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही मरतात, हे कोडे होते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १८९६-९७ मध्ये या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास करून गोठण्याने होणारी इजा व नुसत्या गारठ्याने होणारी इजा या दोन भिन्न गोष्टी असल्याचे प्रतिपादिले. हेच मोलिश पुढे १९२८-२९ च्या सुमारास कलकत्त्यातील बोस संशोधन संस्थेत काही काळ काम करण्यासाठी भारतात आले होते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मर्यादक घटकांचे तत्त्व मांडले. कोणत्याही क्षणी प्रकाशसंश्लेषणाचा वेग हा जो घटक सर्वांत अपुरा असेल त्यावर अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मंद प्रकाशात तापमान वाढविले तरी वेग फारसा वाढत नाही. भरपूर प्रकाशात मात्र तो तापमानाबरोबर वाढतो. यावरून या प्रक्रियेचे दोन टप्पे असावेत असा निष्कर्ष निघाला : प्रकाश शोषून ऊर्जा पकडण्याचा, तापमानावर फारसा अवलंबून नसलेला टप्पा आणि त्या ऊर्जेचा उपयोग करणारा, एंझाइमांवर (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर) व म्हणून तापमानावर अवलंबून असलेला टप्पा. शीत-प्रकाश ताणाचे मूळ या भेदातच आहे. थंडीत दुसरा टप्पा मंदावतो, पण पहिला चालूच राहतो. हरितद्रव्य प्रकाश शोषीत राहते आणि त्या ऊर्जेला उपयोगाची वाट उरत नाही. ही जादा ऊर्जा हेच इजेचे कारण होय.

भारतात जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीवर प्रयोग करून प्रकाशसंश्लेषणाच्या वेगाची स्वयंचलित नोंद करणारे उपकरण तयार केले व या विषयावरील आपला ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. जर्मन शास्त्रज्ञ हान्स काउत्स्की यांना १९३१ मध्ये असे दिसले की, अंधारातील पान एकाएकी प्रकाशात आणल्यास ते अंधुक लाल प्रकाश उत्सर्जित करते व त्या उत्सर्जनाची तीव्रता ठराविक क्रमाने बदलते. न वापरल्या गेलेल्या ऊर्जेचा काही अंश या अनुस्फुरणाच्या रूपाने बाहेर पडतो. पुढे पानाला इजा न करता त्यावरील ताण मोजण्याची पद्धत याच निरीक्षणातून विकसित झाली. प्रखर प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणाची क्षमताच घटते, या आविष्काराचे (प्रकाश-निरोधनाचे) मात्रात्मक विवेचन बेसेल कोक यांनी १९५६ मध्ये केले.

कोरडवाहू संशोधन व मालदांडी : या घडामोडी युरोप-अमेरिकेत चालू असता दख्खनच्या पठारावरील प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला जात होता. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर शेजारचा सोलापूर जिल्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. दोन्हींची काळी जमीन, अनियमित पाऊस व हिवाळा सारखेच होते. सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. जमिनीत मुरलेल्या ओलीवर रबी पीक कसे तारावे, हा त्याचा मुख्य विषय होता. याच दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. भाकरीची चव, दाण्याचा मोत्यासारखा रंग, कडब्याची प्रत आणि अवर्षणात तग धरण्याची क्षमता यांमुळे तो सर्वत्र पसरला व नंतरच्या अनेक वाणांच्या तुलनेसाठी प्रमाण मानला गेला. रबी ज्वारीच्या स्थानिक वाणांत पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात बी धरणाऱ्या ताटांचेच बियाणे राखले गेल्याने थंडीस अनुकूल गुण आपोआप निवडले गेले. वनस्पतिशास्त्रातील कारणमीमांसा उपलब्ध होण्यापूर्वीच ही निवड झाली होती, हे लक्षणीय आहे.

चार-कार्बनी मार्ग व ज्वारी : ज्वारी, मका, ऊस व बाजरी यांच्या पानांची अंतर्रचना विशिष्ट असते. शिरांभोवती मोठ्या हिरव्या कोशिकांचे कडे असते, असे गोट्‌लीप हाबरलांट यांनी १८८४ मध्ये वर्णन केले होते. या रचनेचे प्रयोजन १९६० नंतर उमगले. हवाई बेटांतील ऊस संशोधनात कॉर्टशॅक व त्यांचे सहकारी यांना (१९६५) आणि ऑस्ट्रेलियात हॅल हॅच व रॉजर स्लॅक यांना (१९६६) असे आढळले की, उसाच्या पानांत कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम चार कार्बन अणू असलेल्या अम्लांत बद्ध होतो व मग आतील कोशिकांत नेला जातो. या मार्गामुळे कडक ऊन व उष्णता यांत अशा वनस्पती अतिशय कार्यक्षम ठरतात. ज्वारी याच गटातील होय. गहू, हरभरा व करडई यांत मात्र नेहमीचा तीन-कार्बनी मार्ग असतो.

उष्णतेतील हा लाभ थंडीत कमी होतो. चार-कार्बनी मार्गातील पायरुव्हेट-फॉस्फेट डायकायनेज हे एंझाइम सु. १२° से.च्या खाली अस्थिर होऊन त्याची क्रिया घटते, असे जपानी संशोधकांनी १९७८ मध्ये मक्यात दाखविले. त्यानंतरच्या संशोधनात कार्बन बद्ध करणारे रुबिस्को हे एंझाइमही कमी तापमानात मर्यादक ठरत असल्याचे दिसून आले. तथापि चार-कार्बनी मार्ग व शीत-असहिष्णुता यांची सांगड अटळ नाही. मिस्कँथस हे उंच गवत चार-कार्बनी असूनही थंड हवेत चांगले वाढते. पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेश व उत्तर चीन येथील ज्वारीचे प्रकारही थंडी बऱ्यापैकी सोसतात.

ज्वारीवरील प्रत्यक्ष प्रयोग : या विषयातील मूलभूत प्रयोगांत ज्वारीचा समावेश होता. न्यूझीलंडमधील टेलर व रोली यांनी १९७१ मध्ये ज्वारी, मका, सोयाबीन इ. वनस्पती १०° से. तापमानात भरपूर प्रकाशात ठेवल्या. प्रकाशसंश्लेषण झपाट्याने घटले. ज्वारीची हानी सर्वाधिक वनस्पतींत मोडणारी होती आणि काही दिवसांच्या ताणानंतर तापमान पूर्ववत केले तरी तिची भरपाई अपुरीच झाली. टेलर व क्रेग यांनी त्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता अशा पानांतील हरितकणू फुगलेले व त्यांतील पटले विस्कळित झालेली दिसली. उष्ण प्रदेशीय पँगोला गवतात थंड रात्रींमुळे हरितकणूंतील स्टार्च बाहेर वाहून जात नाही व वाढ खुंटते, असे अमेरिकेतील हिलियर्ड व वेस्ट यांनी १९७० मध्ये नोंदविले होते. म्हणजे थंडीचा परिणाम रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या कार्यावरही पडतो.

हे निष्कर्ष धाराशिवच्या शेतांस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. प्रयोगात पाने दिवसभर १०° से.ला होती, शेतात थंडी व प्रखर प्रकाश यांची गाठ प्रायः सकाळच्या काही तासांपुरती पडते व दुपारच्या उबेत दुरुस्तीस अवसर मिळतो. मात्र थंडीची लाट बरेच दिवस टिकली आणि जमिनीतील ओल संपत आली असेल, तर परिस्थिती बदलते. पाण्याच्या टंचाईमुळे पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डाय-ऑक्साइड आत येणे कमी होते व जादा ऊर्जेचा भार आणखी वाढतो. कोरडवाहू रबी ज्वारीत थंडी, प्रकाश व पाण्याचा ताण हे तिन्ही एकमेकांस बळ देतात.

इजा, संरक्षण व दुरुस्ती : जादा ऊर्जा ऑक्सिजनाकडे गेल्यास त्याची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन ती पटले, प्रथिने व हरितद्रव्य यांचे ऑक्सिडीभवन करतात. पाने फिकट वा पिवळी पडण्याचे हे एक कारण होय. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतील डी-१ या नावाने ओळखले जाणारे प्रथिन प्रकाशात सतत झिजते व त्याच्या जागी नवे बसविले जाते, हे काइल, ओहाड व आर्न्टझेन यांच्या १९८४ मधील संशोधनाने स्पष्ट झाले. थंडीत झीज चालू राहते, पण नवे प्रथिन तयार होण्याचे काम मंदावते. प्रकाश-निरोधन हे झीज व दुरुस्ती यांच्यातील तफावतीचे फल होय.

वनस्पतींपाशी संरक्षणाचेही उपाय असतात. झँथोफिल या पिवळ्या रंगद्रव्यांचे प्रकाशात होणारे चक्रीय परिवर्तन यामामोटो व सहकारी यांनी १९६२ मध्ये विशद केले. त्यातून तयार होणारे झीॲझँथिन जादा ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून तिचा निचरा करण्याशी निगडित आहे, असे बार्बरा डेमिग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले. काही वनस्पतींत अँथोसायनिनामुळे पाने तांबूस-जांभळी होऊन प्रकाश अंशतः अडविला जातो. पटलांतील मेदाम्लांची असंतृप्तता हाही महत्त्वाचा घटक आहे. जपानमधील नोरिओ मुराता व सहकारी यांनी १९९० मध्ये एका नील-हरित सूक्ष्मजंतूत मेदाम्ले असंतृप्त करणारे जनुक घालून त्यास थंडी सहन करणारे बनविले आणि १९९२ मध्ये पटलांतील मेदाम्लांत फेरफार करून तंबाखूच्या झाडाची शीत-संवेदनशीलता बदलता येते, हे सिद्ध केले. अशी असंतृप्त पटले थंडीत डी-१ प्रथिनाच्या दुरुस्तीस साहाय्यभूत होतात, असे पुढे आढळून आले.

परागकोश व दाणा भरणे : थंडीने ज्वारीचे होणारे नुकसान केवळ पानांपुरते नसते. ऑस्ट्रेलियात डाउन्स व मार्शल यांनी १९७१ मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये ब्रुकिंग यांनी १९७६ मध्ये असे दाखविले की, पोटरीच्या सुमारास, परागकण तयार होत असताना, रात्रीचे तापमान सु. १३° से. वा त्याखाली गेल्यास परागकण वंध्य होतात. परिणामी कणसे वरून चांगली दिसली तरी त्यांत दाणे विरळ भरतात. हे नुकसान प्रकाशामुळे होत नाही. ते रात्रीच्या थंडीचे असते. शेतात मात्र दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसत असल्याने त्यांत गल्लत होते. थंड व ढगाळ हवेत मावा वाढून पानांवर पडणारा चिकटाही थंडीचाच परिणाम समजला जातो. त्याचे कारण व उपाय निराळे आहेत.

भारतात ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ मध्ये प्रसारित झाला व खरीप हंगामात संकरित ज्वारीने उत्पादनात मोठी वाढ घडवून आणली. रबीत तसे यश मिळाले नाही. थंड रात्रींत संकरित पिकात परागकणांची जननक्षमता कमी पडून दाणे न भरणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. ओलीची कमतरता, खोडमाशी व ग्राहकांची मालदांडीसारख्या दाण्याची आवड ही इतर कारणे होत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यात धान्य व कडबा या दोहोंचे मोल प्रकर्षाने जाणवले. त्याच वर्षी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) स्थापन झाले. या विद्यापीठाचा परभणी मोती आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले मालेतील वाण हे रबीसाठी निवडीवर व संकरोत्तर निवडीवर भर देऊन तयार झाले आहेत.

इतर पिके : जिल्ह्यात ज्वारीच्या शेतात करडईची पाटे वा कडेने ओळी घेण्याची रीत जुनी आहे. करडई, हरभरा व गहू ही तीन-कार्बनी व थंड हवामानास सरावलेली पिके असल्याने ज्या थंडीत ज्वारी मंदावते तीत त्यांची वाढ चालू राहते. करडई तर कोवळ्या अवस्थेत पाने जमिनीलगत पसरून थंडी चांगली सोसते. मिश्र पिकाची ही पद्धत ओलीच्या वाटपाबरोबरच हवामानाच्या जोखमीचेही वाटप करते. तुळजापूर व धाराशिव तालुक्यांतील द्राक्षबागांत थंडीचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. दिवस उबदार व रात्री फार थंड असल्यास थॉमसन सीडलेस या हिरव्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात व त्यांची बाजारातील किंमत घटते. यावर घड कागदाने झाकणे, थंडीच्या रात्री बागेस पाणी देणे व शेकोट्या करून धूर करणे हे उपाय योजले जातात.

सद्यःस्थिती : जिल्ह्यातील पीकपद्धती विसाव्या शतकाच्या अखेरपासून बदलत गेली. खरिपात सोयाबीनचा प्रसार झाला आणि रबीत हरभऱ्याने ज्वारीचे बरेच क्षेत्र व्यापले. सोयाबीनच्या काढणीनंतर घेतलेल्या ज्वारीस पेरणीस उशीर होतो. तिची पोटरीची अवस्था डिसेंबरच्या उत्तरार्धातील थंडीत सापडते आणि दाणा भरताना जमिनीतील ओलही उरत नाही. म्हणून वेळेवर पेरणी, थंडीत बी धरणाऱ्या वाणांची निवड, ओलीचे जतन आणि शक्य तेथे पोटरीच्या वेळी एखादे संरक्षक पाणी हे अद्यापि सर्वांत परिणामकारक उपाय होत. ओलसर जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. त्यामुळे अशा पाण्याचा लाभ दुहेरी असतो.

काउत्स्की यांच्या निरीक्षणावर आधारलेली, हातात धरून वापरता येणारी अनुस्फुरणमापके १९८० नंतर प्रचारात आली. त्यांच्या साहाय्याने उभ्या पिकातील पानांवरचा ताण काही क्षणांत मोजता येतो व वाणांची तुलना करता येते. रबी ज्वारीच्या सुधारणेत दाण्याचे उत्पादन व अवर्षण-सहिष्णुता यांबरोबर थंड सकाळी पान किती लवकर पूर्ववत होते, या गुणासही स्थान देणे यामुळे शक्य झाले आहे. भाकरी व कडबा या दोहोंसाठी कोरडवाहू शेतकऱ्यास जवळचे असलेले हे पीक टिकवावयाचे असेल, तर स्थानिक मालदांडी प्रकारांतील शीत-सहिष्णुतेचा साठा जपणे हेही तितकेच आवश्यक आहे. कारण एकदा हे बियाणे शेतांतून नाहीसे झाले की, अनेक हिवाळ्यांतून झालेली ती निवड पुन्हा सहजासहजी करता येणार नाही.